भोंगा ऐकू येईल तिथवर

मिल फोर्क
१२ फेब्रुवारी १९९४

लोवेल भाऊजी,

तुमची तक्रार पोचली. फोन वाजत राहतो आणि मी उचलत नाही, म्हणे. आमच्या दरीतल्या तारा जुन्या झाल्यात, नुसती खरखर येते, आणि ती खरखर ऐकत बसायला मी काही एवढी रिकामी नाही. पत्र लिहा. तुमचं अक्षर कोंबडीने उकरल्यासारखं असलं तरी मला लागतं. तुमच्या भावाचं काय वेगळं होतं?

आता बातमी. काउंटीच्या नियोजन खात्याने आमच्या डोक्यावर खडीची खाण मंजूर केली आहे. डोक्यावर म्हणजे खरोखरच डोक्यावर. स्प्रिंग रोडच्या टोकाला, माझ्या घराच्या वर, कोल्टरांचा माळ आहे ना, तो एका कंपनीने घेतला. त्या माळाच्या पोटातून झरा निघतो आणि त्याचंच पाणी सगळं मिल फोर्क पितं, हे तुम्हाला सांगायला नको. लहानपणी तुम्ही दोघा भावांनी त्यात बेडूक सोडून मार खाल्लेला आहे.

आम्ही सगळे सुनावणीला गेलो. सुनावणी कुठे, तर काउंटीच्या मुख्य गावी, कामाच्या दिवशी, भर सकाळी. म्हणजे कुणी येऊ नये अशीच सोय. भिंतीवर मोठा नकाशा होता. त्यात आमची दरी पांढरी. मी विचारलं, पांढऱ्याचा अर्थ काय? तर खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'वस्ती नाही'. भाऊजी, मी तेहतीस वर्षं त्या वस्ती नसलेल्या जागेतून शाळेची बस भरभरून नेली. ती काय भुतांची पोरं होती?

माणशी तीन मिनिटं बोलायचं, असा तिथला नियम. तीन मिनिटांत माझा घसाही साफ होत नाही. म्हणून मी एकच लांबलचक भाषण लिहिलं आणि त्याचे तुकडे करून सगळ्यांना वाटले. घंटी वाजली की एकाने वाक्य अर्ध्यात सोडायचं आणि पुढच्याने तिथूनच उचलायचं. कॅफेवाली विल्मा टेट 'आणि म्हणून आमचं म्हणणं असं आहे की' इथे थांबली, आणि बंबवाल्यांचा कप्तान डॉर्सी उठून 'खाण खणल्यावर झरा कुठे जाईल हे तुमच्यापैकी कुणी बघितलंय का' इथून सुरू झाला. दुपारपर्यंत वाक्य संपलं नाही. अध्यक्षबाईंना हसू आवरेना.

नियोजन खात्याचा मुख्य प्रेंटिस म्हणून आहे. टायबिय लावलेला, सभ्य, पण बोलणं सगळं तोंडातल्या तोंडात. काय उत्तर दिलं देव जाणे. बाहेर पडताना मला गाठून परत काहीतरी पुटपुटला. मी मान हलवली आणि आभार मानले. शेवटी निकाल खाणीच्याच बाजूने लागला.

पण शेवटचा परवाना अजून व्हायचा आहे. त्याआधी मिल फोर्क स्वतंत्र गाव झालं, स्वतःची नगरपालिका झाली आणि माळ गावच्या हद्दीत आला, तर परवाना द्यायचा की नाही ते आम्ही ठरवणार. तेव्हा ठरलं. गाव करायचं.

तुमची,
आर्डिथ वहिनी


युमा, ॲरिझोना
२१ फेब्रुवारी

वहिनी,

तुमचं पत्र ट्रेलरच्या सावलीत बसून वाचलं आणि एवढा हसलो की शेजारचा म्हातारा बघायला आला. अर्धं वाक्य सोडायची युक्ती नामी आहे. पण गाव करायचं म्हणजे काय पाव भाजायचा आहे, की पीठ मळलं आणि भट्टीत घातलं? मी जन्मभर राज्याच्या रस्तेखात्यात साखळ्या ओढून जमिनी मोजल्या. सरकारी कागदाचा वास मला लांबून येतो. सह्या, नकाशा, हद्द मंडळ, मतदान. एवढं करेपर्यंत तुमचे ते सगळे गडी थकतील आणि खाण झऱ्यापर्यंत पोचलेली असेल.

हो, हो, मी उंटावरून शेळ्या हाकतो आहे. हाकणारच. मिल फोर्कमध्ये कधी काही होत नाही म्हणून तर मी विशीत तिथून पळालो.

आणि तारांचं मला सांगू नका. मागच्या वेळी फोन लागला तेव्हा खरखर अजिबात नव्हती. मी माझ्या कमरेच्या ऑपरेशनचं रामायण सांगत होतो आणि तुम्ही मध्येच म्हणालात, 'हो ना, सकाळपासून भुरभुरतंय.' कमरेत बर्फ पडतो होय?

तुमच्या लेकीचं, कॉरिनचं, पत्र आलं होतं. स्पोकॅनला तिच्या घराजवळ वृद्धांसाठी तळमजल्याच्या खोल्या आहेत, त्या तुम्हाला दाखवायच्या म्हणते. मी तिला लिहिलं की तुझी आई सध्या गाव स्थापन करण्यात गुंतली आहे.

हद्द कशी आखणार, ते कळवा. तिथेच सगळ्यांचं घोडं अडतं.

लोवेल


मिल फोर्क
१४ मार्च

भाऊजी,

घोडं अडलं होतं खरं, पण सुटलं. कसं ते ऐका.

हद्दीवरून विल्माच्या कॅफेत दोन आठवडे नुसती हमरीतुमरी चालली होती. कुणी म्हणे नदी ते डोंगर, कुणी म्हणे माझ्या शाळेच्या बसचा जो रस्ता तीच हद्द. प्रत्येकाला आपला आवडता शेजारी आत हवा आणि नावडता बाहेर. शेवटी विल्माने कॉफीचं भांडं आपटलं आणि म्हणाली, भोंगा ऐकून जो धावत येतो तो आपला, बाकी मोजमाप कशाला हवं? वाद तिथेच मिटला.

तुम्ही पळालात तेव्हा भोंगा नव्हता. गिरणी जळाली आणि आतली माणसं गेली, त्यानंतर लोकांनी तो आणला. आग लागली की वाजतो, आणि दर शनिवारी बाराला चाचणीसाठी वाजतो. तेव्हा ज्याला ज्याला ऐकू येतो तो असेल तिथे थांबतो आणि त्या माणसांसाठी डोक्यावरची टोपी काढतो. दुकानात, रस्त्यावर, शिडीवर, कुठेही. नवीन माणसाला हे कुणी शिकवत नाही. तो इतरांच्या टोप्या बघतो आणि आपलीही काढतो.

तर एका शनिवारी डॉर्सीने भोंगा सुरू केला आणि थोड्या थोड्या वेळाने वाजवत राहिला. आम्ही प्रत्येकाने आपापला रस्ता धरला. ऐकू येईल तोवर चालायचं, यायचा थांबला की तिथे खुंटी ठोकायची. स्प्रिंग रोड माझा. विल्मा सोबत येते म्हणाली, पण स्वतःच्या दारच्या रस्त्याला सोबत कशाला? मी एकटीच गेले. हवा इतकी शांत होती की धुराड्यांतला धूर सरळ वर जात होता. संध्याकाळी सगळ्या खुंट्यांवरून दोरीसारखी रेघ कागदावर ओढली. भाऊजी, म्हातारे गडी पोरांसारखे हरखले होते. आपली हद्द आपल्या पायांनी चालून आखलेली, कुणा साहेबाने नाही.

सोमवारीच आमच्या वकिलाने अर्ज दाखल केला. सह्या भराभर होताहेत. तुम्ही म्हणालात ते गडी काही थकलेले नाहीत. डॉर्सी दिवसभर करवतींना धार लावतो आणि मग दारोदार हिंडतो.

कॉरिनला सांगा, मला तळमजला नको. माझ्या घराच्या पायऱ्या मला पाठ आहेत.

वहिनी


युमा
२३ मार्च

वहिनी,

मी हरलो. इतकी वर्षं मोजणी केली, दुर्बिणी लावल्या, पण असली हद्द नाही बघितली कुठे. इथल्या कॅम्पातल्या सगळ्यांना वाचून दाखवलं. एक जुना सैनिक आहे, त्याने ऐकता ऐकता टोपी काढली. तो तर तुमचा भोंगा ऐकूही शकत नाही.

लोक जमीन मोजतात, कर मोजतात, डोकी मोजतात. तुम्ही कोण कुणासाठी धावेल ते मोजलंत. भावाला सांगायला हवं होतं हे. तो म्हणाला असता, माझ्या बायकोला काय समजलात?

काउंटीच्या साप्ताहिकात अर्जाचा नकाशा छापून येईलच. माझ्याकडे ते टपालाने अजून येतं, भावाने सुरू केलेली वर्गणी मी मोडली नाही. वाट बघतो.

लोवेल


युमा
११ एप्रिल

वहिनी,

साप्ताहिक आलं. भिंग घेऊन तीनदा बघितलं. तुमचं घर कुठे आहे?

सगळीकडे रेघ ऐसपैस आहे. पूर्वेला तर पार जुन्या पुलापलीकडे. आणि स्प्रिंग रोडवर मात्र कोल्टरांच्या टपालपेटीपाशीच थांबली आहे, तुमच्या फाटकाच्या अलीकडे. म्हणजे तुमचं घर बाहेर, माळ बाहेर, झराही बाहेर. ज्या खाणीसाठी हा सगळा खटाटोप, ती खाणच हद्दीबाहेर! आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

वारा असणार. तुम्ही म्हणता नव्हता, पण दरीत वरच्या बाजूला वेगळा वारा असतो. परत ऐकायला लावा. हद्द मंडळाच्या सुनावणीत रेघ बदलता येते, मला माहीत आहे.

लोवेल


मिल फोर्क
१८ एप्रिल

भाऊजी,

वारा नव्हता. मी लिहिलं होतं.

त्या संध्याकाळी कागदावर नुसत्या खुंट्या होत्या, झरा बाहेर राहतोय हे हरखण्याच्या भरात कुणी बघितलंच नाही. पण खुंटी ठोकली ती ठोकली. आता उठून 'आमची रेघ जरा लांबवा' म्हटलं की काउंटीचा वकील म्हणेल, बघा, खाण गिळायला निघाले. आमच्या हद्दीचं सगळं मोल हेच की ती कुणी सोयीने आखलेली नाही. जिला ऐकू आलं नाही तिने खोटं लिहायचं का? मी राहीन बाहेर. मतदान करता येणार नाही एवढंच. गाव तर होईल.

झऱ्याचं मात्र वाईट वाटतं. सगळेच हळहळतात, पण मला कुणी बोल लावत नाही. विल्मा येते, केक ठेवते, जाते. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

डॉर्सीने सगळं स्वतःवर घेतलं आहे. म्हणतो, भोंग्याची मोटर जुनी झाली, पश्चिमेला आवाज फेकत नाही, मी वेळीच बघायला हवं होतं. बंबखान्याच्या छपरावर चढून त्याने भोंगा उतरवला आणि सगळे भाग खोलून फडक्यावर मांडले आहेत. त्याला त्यात काही बिघाड सापडत नाही आणि तो शोधायचं थांबत नाही. गेल्या दोन शनिवारी भोंगा वाजलेला नाही. लोक बाराला थांबतात, एकमेकांकडे बघतात आणि पुढे जातात.

इथे थंडी अजून आहे. तुमची कंबर कशी आहे?

वहिनी


युमा
२६ एप्रिल

वहिनी,

कंबर बरी आहे. ती राहू दे.

मी मोजणीदार माणूस. आकडे जुळले नाहीत की मी यंत्र तपासतो, आणि यंत्र ठीक असलं तर ते कुणी धरलं होतं ते बघतो. काल दिवसभर तुमची जुनी पत्रं काढून बसलो होतो. फोन तुम्ही उचलत नाही. उचललात तर हवामान सांगता. प्रेंटिस तोंडातल्या तोंडात बोलतो. पण त्याच सुनावणीबद्दल साप्ताहिकात छापलंय की त्याचा आवाज दालनाबाहेर ऐकू येत होता. शनिवारी इतरांच्या टोप्या बघून आपली काढायची, हे तुम्ही नवीन माणसाचं म्हणून लिहिलंत. आणि त्या दिवशी स्प्रिंग रोडवर तुम्ही एकट्या होतात. बघायला एकही टोपी नव्हती.

तेहतीस वर्षं बसभर पोरांचा कलकलाट ऐकल्यावर कुणाचे कान शाबूत राहतील? यात लाजण्यासारखं काय आहे? माझी कंबर गेली, तुमचे कान गेले. भाऊ तर सगळाच गेला.

कॉरिनची भीती वाटते, हो ना? तिला कळलं तर ती म्हणेल, रस्त्याच्या टोकाला एकटी बहिरी म्हातारी नको, आणि तुम्हाला तळमजल्यावर नेऊन ठेवेल. म्हणून झाकली मूठ सव्वा लाखाची. मी मूठ उघडणार नाही, शब्द देतो.

पण वहिनी, डॉर्सी तिथे धडधाकट भोंगा खोलून बसला आहे.

लोवेल


मिल फोर्क
३ जून

भाऊजी,

तुमच्या पत्राला एवढे दिवस उत्तर दिलं नाही, कारण मी तुमच्यावर चिडले होते. पहिला आठवडा तुमच्यावर, आणि मग तुमचं खरं होतं म्हणून.

आधी एक गोष्ट. खुंटी मी खोटी ठोकली नाही. स्प्रिंग रोडच्या खालच्या छोट्या पुलावर मला भोंगा ऐकू आला होता. टपालपेटीपाशी यायचा थांबला. घरी तर तो कित्येक वर्षं येत नाही. मला वाटायचं मधली झाडं वाढली. माणूस स्वतःच्या कानावर संशय घेण्याआधी झाडांवर घेतो. नकाशा छापून आला त्या शनिवारी मी अंगणात सरपण रचत होते. टपालवाल्याची गाडी फाटकाशी थांबली. तो खाली उतरला, रस्त्यात उभा राहिला आणि त्याने टोपी काढली. मी घड्याळात बघितलं, बारा वाजले होते. माझ्या हातातली लाकडं तिथेच पडली. माझ्याच दारात भोंगा वाजत होता आणि मला पत्ता नव्हता. त्यानंतर तुम्हाला जे पत्र लिहिलं त्यात मी हे लपवलं.

परवा हद्द मंडळाची सुनावणी झाली, आपल्याच शाळेच्या व्यायामशाळेत. काउंटीच्या वकिलाने डॉर्सीला उभं केलं. भोंग्याची मोटर जुनी आहे, हे खरं का? खरं. मग तुमची सगळीच रेघ भरवशाची नाही, हे खरं का? डॉर्सीच्या हातात टोपी होती, तो ती नुसती फिरवत राहिला. भाऊजी, हा माणूस आजवर किती आगींत शिरला असेल, आणि इथे एका वकिलापुढे अंग चोरून उभा.

कॉरिन दुसऱ्या रांगेत बसली होती. मुद्दाम गाडी हाकत आली होती, आई काय करते ते बघायला. मी तिच्याकडे एकदा बघितलं. मग उठले. नंबर नव्हता माझा, तरी उठले.

म्हटलं, "डॉर्सीचा भोंगा ठणठणीत आहे. बहिरी मी आहे."

सगळं सांगितलं. झाडांचं, टपालवाल्याचं, टोप्यांचं. विल्माचा हात तोंडावर गेला. अध्यक्षांनी काहीतरी विचारलं, त्यांचे ओठ हललेले दिसले. पूर्वी मी मान हलवली असती. या वेळी म्हणाले, साहेब, मला ऐकू आलं नाही. तर पलीकडच्या टेबलावरून कोण उठला, ओळखा. प्रेंटिस. काउंटीच्या बाजूचा माणूस. त्याने अध्यक्षांचा प्रश्न मोठ्या अक्षरांत कागदावर लिहिला आणि माझ्यासमोर आणून धरला. 'परत ऐकायला तुम्ही तयार आहात का? कोण ऐकेल?' मी म्हणाले, ज्याला कान आहेत तो कुणीही, हवं तर तुम्ही या. तो म्हणाला, येतो. हे मी त्याच्या ओठांवर वाचलं.

मधल्या सुट्टीत त्याने दुसरा कागद लिहून दिला. मागे सुनावणीनंतर बाहेर गाठून तो मला म्हणाला होता, गाव करणार असाल तर झरा हद्दीबाहेर राहणार नाही एवढं बघा. आणि मी आभार मानले होते! खाण मंजूर केली तो त्याचा निर्णय मला अजूनही चुकीचाच वाटतो, नकाशातल्या पांढऱ्या रंगाबद्दल मी त्याला अजून सोडणार नाही. पण माणूस तोंडातल्या तोंडात बोलत नव्हता.

आता कॉरिन. तिने मला गाडीत घालून घरी आणलं. मला वाटलं, सामान बांधायला सांगणार. स्वयंपाकघरात माझ्यासमोर बसली, माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं आणि सावकाश म्हणाली, "आई, मला चार वर्षांपासून माहीत आहे. मी काहीही विचारलं तरी तू हवामान सांगायचीस." मी विचारलं, मग बोलली का नाहीस? तर म्हणे, तू सांगशील म्हणून थांबले. न सांगणारी आई एकटी राहिली तर मला झोप येत नाही, सांगणारी राहिली तर येईल. मी रडले. तीही रडली. तळमजल्याचं नाव तिने काढलं नाही. फोन वाजला की पेटणारा दिवा आणते म्हणाली.

डॉर्सीने भोंगा परत बसवला. मी माफी मागायला गेले तर त्याने ऐकूनच घेतलं नाही. म्हणाला, तुझ्या बसमध्ये सगळ्यात जास्त आरडाओरडा मीच करायचो.

अठरा जूनच्या शनिवारी स्प्रिंग रोड परत ऐकायचा आहे. मंडळाची माणसं येणार. भाऊजी, तुम्ही या. कंबर असेल तशी घेऊन या.

वहिनी


युमा
९ जून

वहिनी,

बसचं तिकीट काढलं. भावाची जुनी टोपी माझ्याकडेच आहे. ती घालून येतो.

लोवेल


मिल फोर्क, गाव
२१ सप्टेंबर

भाऊजी,

वर पत्ता नीट वाचलात का? काल मतदान झालं. जिंकलो, आणि काठावर नाही, चांगले जिंकलो. मी मत दिलं. शाळेच्या व्यायामशाळेत पडद्यामागे उभी राहून पेन्सिल हातात घेतली आणि थोडा वेळ तशीच उभी राहिले, तर विल्मा बाहेरून ओरडली म्हणे, की आर्डिथ, तिथे तीन मिनिटांचा नियम आहे. नवा नकाशा दुकानात लावलाय. आपली दरी हिरवी आहे. झरा हिरव्यात, माळ हिरव्यात, माझं घर हिरव्यात. खाणीचा अर्ज आता गावापुढे यायचा. कंपनीने आताच चाचपडत विचारलंय की तुमची सुनावणी कधी असते. मी म्हटलं, संध्याकाळी, सगळे कामावरून आल्यावर, आणि मिनिटांचं बंधन नाही.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. जूनमध्ये बस निघाली तेव्हा तुम्ही खिडकीतून काहीतरी ओरडलात आणि मी मान हलवली. जुनी सवय. परवा विल्मा सांगत होती, तुम्ही विचारलंत, 'फाटकातून काय दिसलं?' तीन महिने तुम्ही उत्तराची वाट बघत असाल आणि पत्रात विचारायचा संकोच करत असाल. तुम्ही पुढे टेकडीवर होतात, तुम्हाला मागचं काही दिसलं नसणार. तर ऐका.

मी फाटकाशी उभी होते, कॉरिन बाजूला. सगळे रस्त्याने वर निघाले होते, एकमेकांपासून अंतर ठेवून. मंडळाची माणसं, विल्मा, टपालवाला. प्रेंटिस टोपीच घालत नाही, म्हणून विल्माने त्याला स्वतःची उन्हाची हॅट दिली होती, निळ्या फितीची, आणि त्याने ती मुकाट्याने घातली होती. सगळ्यांत पुढे तुम्ही, काठी टेकत. थांबा म्हटलं तरी थांबला नाहीत, हे त्यांनी नंतर सांगितलं.

बारा वाजले. मला काहीच ऐकू आलं नाही. पाखरू नाही, पान नाही. मग खाली छोट्या पुलापाशी एक टोपी वर आली. मग टपालपेटीपाशी, माझी खुंटी होती तिथे. कॉरिनने डोक्यावरचा रुमाल काढला. मग माझं फाटक ओलांडून विल्मा. मग ती निळी फीत. रस्ता वर चढत जातो ना, तसतशी एकेक टोपी निघत गेली, माझ्या घरावरून, झऱ्यावरून, माळाच्या कडेकडेने. मला वाटलं, आता संपलं. आणि पार वर, टेकडीवर, आकाशाला लागून तुम्ही उभे होतात. तुम्ही भावाची टोपी काढलीत.

कित्येक वर्षं मी चोरून लोकांकडे बघून टोपी काढत आले. त्या दिवशी उघड बघितलं, सगळा रस्ता बघितला, आणि सगळ्यांच्या शेवटी माझी काढली.

कॉरिनने दिवा बसवला आहे. आता फोन करा. बोलणं नीट कळेलच असं नाही, पण तुमचा फोन आलाय हे दिसेल.

तुमची, हद्दीतली,
आर्डिथ वहिनी